भिंतीआडची अग्निसुरक्षा

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण शहरातल्या माणसाला विनोदाची वाटते. जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या तालुक्याच्या गावाला ती भूगोलाची वाटते. सामानसुमानाने भरलेली एखादी खोली पेट घेऊन सर्वस्वी ज्वाळांच्या स्वाधीन होण्यास पाच-सात मिनिटे पुरतात. उलट, बंब अंबडहून किंवा त्यापलीकडे जालन्याहून यावयाचा झाल्यास निरोप पोहोचणे, माणसे जमणे आणि रस्ता कापणे यांचा हिशेब पाच-सात मिनिटांत मावत नाही. बंब गावातच उभा असला तरी बाजाराच्या दिवशी गल्लीतून तो आत कसा शिरावा, हा प्रश्न उरतोच. आगीचा वेळ आणि बंबाचा वेळ यांच्यामध्ये जे अंतर पडते ते कोणी भरून काढावयाचे, हा ग्रामीण भागातील अग्निसुरक्षेचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एकच आहे: ते इमारतीनेच भरून काढले पाहिजे.

हे उत्तर वरवर चमत्कारिक वाटेल. अग्निसुरक्षा म्हटले की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची लाल नळकांडी, वाळूच्या बादल्या, पाण्याचा पाईप आणि धोक्याची घंटा उभी राहते. ही सारी साधने हालचाल करणारी आहेत. कोणीतरी ती चालवावी लागतात किंवा ती आपोआप चालू व्हावी लागतात. परंतु अग्निसुरक्षेची दुसरी बाजू अशी आहे की ती हालत नाही, वाजत नाही आणि बहुधा दिसतही नाही. ठराविक काळ आगीला थोपवून धरणारी भिंत, आपोआप मिटणारा अग्निरोधक दरवाजा, जिन्याभोवतीचे बंदिस्त आवरण, तारा आणि नळ जेथे भिंत भेदून जातात तेथील भोके बुजविणारे अग्निरोधक सारण, हवेच्या नळीत उष्णतेने मिटणारी झडप, लोखंडी तुळईवरचा उष्णतेने फुगणारा लेप हे सर्व या बाजूस मोडते. इंग्रजीत तिला 'पॅसिव्ह' म्हणजे निष्क्रिय म्हणतात. शब्द फसवा आहे. वीज गेली, टाकी कोरडी पडली, रखवालदार झोपला, तरी जी आपले काम करीत राहते तिला निष्क्रिय म्हणणे अन्यायाचे होय. तिला अंगभूत संरक्षण म्हणणे अधिक योग्य ठरेल.

हे तत्त्व मराठवाड्याच्या शेतकऱ्याला नवे नाही. कडब्याच्या दोन गंजी तो एकमेकींना खेटून रचीत नाही, आणि घराला खेटून तर मुळीच नाही. एक पेटली तर दुसरी वाचावी, ही त्यामागची साधी बुद्धी आहे. जुन्या माळवदाच्या घरांच्या हात-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतीही एका खोलीची आग दुसऱ्या खोलीत सहजासहजी जाऊ देत नसत. छताला लाकूड होते, धोका होता. पण आगीच्या वाटेत काहीतरी भक्कम उभे होते. सिमेंटची घरे आली आणि 'स्लॅबचे घर जळत नाही' असा एक गोड समज तालुक्याच्या गावोगावी पसरला. स्लॅब जळत नाही हे खरे. पण स्लॅबखाली जे भरले जाते ते जळते. फोमच्या गाद्या, प्लायवूडच्या आडभिंती, प्लॅस्टिकच्या वेष्टनाच्या तारा, फॉल्स सीलिंगची छते आणि दुकानांच्या ॲक्रिलिकच्या पाट्या हे सर्व उत्तम इंधन आहे. शिवाय त्यांचा धूर विषारी असतो, आणि आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक दगावतात.

भंडाऱ्याचा धडा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या विशेष कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांपैकी १० दगावली. काही भाजून गेली, पण बहुतेकांचा श्वास धुराने कोंडला. उरलेली ७ बालके वाचविता आली. या कक्षाचे दोन विभाग होते. त्याच रुग्णालयात जन्मलेली बालके एका विभागात असत आणि बाहेरून आणलेली दुसऱ्यात. आग बाहेरून आणलेल्यांच्या विभागात लागली. वाचलेली सात बालके शेजारच्या विभागातील होती. दहा आणि सात या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्याला चालता येत नाही, ओरडता येत नाही, ज्याच्या उशाशी ठेवलेले आग विझविण्याचे नळकांडे त्याच्या दृष्टीने असून नसल्यासारखे आहे, अशा जिवाच्या वाट्याला जर कोणते संरक्षण येणार असेल, तर ते त्याच्या आणि आगीच्या मध्ये काय उभे आहे यावरच अवलंबून असते.

त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगीने किमान १३ रुग्णांचे बळी घेतले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशीच ११ रुग्ण मरण पावले. या तिन्ही ठिकाणी माणसे अंथरुणाला आणि यंत्रांना जखडलेली होती. धावत सुटा, हा आगीतला सनातन उपदेश त्यांना लागू नव्हता. म्हणूनच रुग्णालयाच्या बाबतीत जगभर असा संकेत मानला जातो की रुग्णाला प्रथम रस्त्यावर आणावयाचे नसते. त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित कप्प्यात ढकलावयाचे असते. पण त्यासाठी तसा कप्पा असावा लागतो आणि त्याचे दार खरोखर मिटावे लागते.

या घटनांचा घनसावंगीशी संबंध काय, असे कोणी विचारील. एक संबंध सार्वजनिक जीवनातला आहे. २०२१ साली राज्याचे आरोग्यखाते ज्यांच्याकडे होते ते राजेश टोपे घनसावंगी मतदारसंघाचेच आमदार होते. भंडाऱ्यानंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा परीक्षणाचे आदेश त्यांच्याच कारकिर्दीत सुटले. दोष एका व्यक्तीच्या माथी मारण्यासाठी हे सांगावयाचे नाही. राज्याच्या आरोग्याचा विचार एकेकाळी ज्या मतदारसंघाच्या आमदाराच्या हाती होता, तेथील नागरिकांनी तरी हा प्रश्न परक्याचा मानू नये, एवढ्यासाठीच. दुसरा संबंध अधिक निकटचा आहे. तळमजल्यावर कापडाचे किंवा खतांचे दुकान, पहिल्या मजल्यावर खाजगी दवाखाना, त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका किंवा शिकवणी आणि या सर्वांना मिळून एकच अरुंद जिना, ही इमारत मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावात दाखविता येते. सुरतेत २४ मे २०१९ रोजी अशाच एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गाला आगीने घेरले आणि २२ विद्यार्थी प्राणास मुकले. जिन्याची वाट आगीने आणि धुराने बंद केली होती; मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या.

न दिसणारा माल

प्रश्न असा की, ज्याचे महत्त्व इतके उघड आहे ते नीट बसविले का जात नाही? याचे उत्तर माणसांच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा बाजाराच्या स्वभावात शोधणे अधिक फलदायी ठरेल. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला पारखता येत नाही, तेथे वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अंगभूत अग्निसंरक्षण हा या नियमाचा जणू आदर्श नमुना आहे. गाळा घेणारा फरशी पाहतो, नळ उघडून पाहतो, रंगावरून हात फिरवितो. पण तारांच्या पोकळीत मजल्यागणिक सारण भरले आहे काय, हे तो पाहू शकत नाही. जे दिसत नाही त्याचा पैसा मिळत नाही. ज्याचा पैसा मिळत नाही ते प्रामाणिक कंत्राटदाराने केले तर त्याची निविदा महाग ठरते आणि काम दुसऱ्याला जाते. अशा बाजारात प्रामाणिकपणाला दंड आहे.

जुन्या मोटारीचा दोष निदान महिन्याभरात रस्त्यावर उघडा पडतो. येथे तो वीस-वीस वर्षे झाकलेला राहतो आणि उघडा पडतो तो एकदाच. दुसरे असे की, त्याची किंमत मोजणारा बहुधा तिसराच असतो. बांधणाऱ्याने पैसे वाचविलेले असतात, मालकाने भाडे घेतलेले असते आणि जीव जातो तो अभ्यासिकेतल्या मुलाचा किंवा खाटेवरच्या रुग्णाचा. ज्याच्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर पडतो त्याच्याकडून पुरेशी काळजी घेतली जात नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविले जाते. म्हणूनच हा विषय बाजारावर सोपवून चालत नाही. येथे कायदा आणि पाहणी ही दोन्ही लागतात.

श्रीमंत देशही या दुखण्यातून सुटलेले नाहीत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. बाहेरून चढविलेल्या ज्वालाग्राही आवरणाची चर्चा जगभर झाली; पण नंतरच्या चाचणीत असेही आढळले की, तेथील घराचा जो दरवाजा आगीला अर्धा तास थोपवील असे मानले जात होते तो पंधरा मिनिटांतच हरला. पंधरा मिनिटांचा दरवाजा आणि अर्ध्या तासाचा दरवाजा दिसायला सारखेच असतात. फरक कळतो तो आगीलाच.

भोके कोणाची?

समजा, बांधताना सर्व काही शास्त्रशुद्ध झाले. तरीही काम संपत नाही, कारण इमारत ही जिवंत वस्तू आहे आणि तिच्यात सतत भोके पाडली जातात. वातानुकूलन यंत्र बसविणारा येतो, एक भोक पाडतो. इंटरनेटची तार ओढणारा दुसरे, कॅमेरे लावणारा तिसरे. करोनाच्या काळात रुग्णालयांतून प्राणवायूच्या नळ्या घाईघाईने टाकण्यात आल्या. ती घाई समर्थनीयच होती. परंतु त्या नळ्यांसाठी भिंतींना पाडलेली भोके पुढे कोणी बुजविली, याची नोंद किती ठिकाणी सापडेल? प्रत्येक कारागीर आपले काम चोख करतो आणि निघून जातो. भोक मात्र कोणाचेच नसते. कित्येकदा ते बुजविले जाते तेही गादीत असतो तशा फेसाळ पदार्थाने. साधा फेस स्वतःच जळतो आणि आगीची वाट अडविण्याऐवजी तिला दिवटी धरतो.

हीच गत दरवाजाची. अग्निरोधक दरवाजाचा सारा अर्थ तो मिटलेला असण्यात आहे. पण ये-जा करताना त्रास होतो म्हणून त्याच्यापुढे वीट ठेवली जाते, त्याला दोरी बांधली जाते, त्याचा आपोआप मिटण्याचा खटका काढून टाकला जातो. जिन्याखाली रद्दी, तुटकी बाके आणि जनरेटरचे डिझेल साठते. मंत्रालयासारख्या राज्याच्या मुख्य कचेरीतही २१ जून २०१२ रोजी चौथ्या मजल्यावर लागलेली आग पाचव्या आणि सहाव्या मजल्यांपर्यंत पोहोचली आणि ५ जणांचे प्राण गेले. लाकडी आडभिंती, फॉल्स सीलिंग आणि कागदांचे ढीग यांनी आगीची वाट सोपी केली होती. जेथून राज्याला नियम कळविले जातात तेथे ही अवस्था, तर तहसील कचेरीच्या दप्तरखान्याने कोणाकडे पाहावे?

पोलादाबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे, आणि तो जालना जिल्ह्यातच दूर व्हावा हे उचित आहे. जालन्याच्या भट्ट्यांतून निघालेली सळई दूरदूर जाते. भट्टीत पोलाद वितळते ते सुमारे पंधराशे अंशांवर. म्हणून ते आगीला दाद देत नाही असे वाटते. वस्तुतः साडेपाचशे अंशांच्या आसपासच त्याचे बळ जवळजवळ निम्मे होते, आणि खोलीची आग ही मर्यादा सहज ओलांडते. सळईवरचे काँक्रीटचे आवरण केवळ गंजापासून नव्हे, तर आगीपासूनही तिचे रक्षण करीत असते. ते पातळ ठेवले किंवा गळतीने पोपडे सुटून सळई उघडी पडली, तर ती कमतरता केवळ दिसण्यापुरती राहत नाही. ती आगीपुढील मिनिटांची कपात होते. उघड्या लोखंडी खांबांच्या गोदामांना आणि जिनिंगच्या शेडना तर हे अधिकच लागू आहे, कारण तेथे कापसासारखा चटकन पेटणारा माल रचलेला असतो.

प्रमाणपत्र आणि पाहणी

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे आणि तो २००८ च्या डिसेंबरपासून अमलात आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या मालकावर किंवा भोगवटादारावर अग्निसुरक्षेच्या उपाययोजना करण्याची आणि त्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने टाकली आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेऊन सादर करावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीचा चौथा भाग संपूर्णपणे अग्निसुरक्षेला वाहिलेला आहे आणि मजल्यामजल्यांतून जाणाऱ्या तारांच्या उभ्या पोकळ्या अग्निरोधक पदार्थाने बंद करण्याचा आग्रह त्यात आहे.

तेव्हा उणीव नियमांची नाही, पाहण्याची आहे. परीक्षणास आलेला माणूस नळकांड्याची तारीख वाचतो, पंप चालवून पाहतो, घंटा वाजवितो. हे आवश्यकच आहे. पण फॉल्स सीलिंगची एक फळी सरकवून वर डोकावण्यास शिडी लागते, वेळ लागतो आणि मालकाची नाराजी पत्करावी लागते. जे मोजण्यास सोपे ते मोजले जाते आणि जे मोजण्यास अवघड ते असल्याचे गृहीत धरले जाते. कागदावर प्रमाणपत्र आणि भिंतीत भोक, अशी ही परिस्थिती आहे.

यावर उपाय फार गहन नाहीत. सार्वजनिक बांधकामात मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय देयक निघत नाही, ही शिस्त प्रत्येक कारकुनाला परिचित आहे. पाया भरण्यापूर्वी त्याची खोली मोजली जाते, कारण भरल्यानंतर ती मोजता येत नाही. हाच न्याय अग्निरोधक कामांना लावावा. भिंतीची पोकळी किंवा छत झाकण्यापूर्वी प्रत्येक बुजविलेल्या भोकाची जागा, वापरलेला पदार्थ आणि छायाचित्र यांची नोंद व्हावी, आणि या नोंदीवाचून कंत्राटदाराचे अखेरचे देयक निघू नये. दुसरे, प्रत्येक रुग्णालयात, शाळेत आणि कचेरीत भोकांची एक नोंदवही असावी. भिंत फोडणाऱ्याने आधी नोंद करावी आणि बुजविल्याची सही झाल्यावरच त्याचे पैसे चुकते व्हावेत. तिसरे, जानेवारी आणि जुलैच्या पाहणीत किती दारे मिटतात, किती खटके चालू आहेत, जिना मोकळा आहे काय आणि छतावर डोकावून पाहिले काय, हे स्वतंत्रपणे लिहावे आणि तो कागद दर्शनी फलकावर लावावा. जे लोकांना वाचता येते त्याविषयी लोक प्रश्न विचारतात.

पैसा कोठून आणावा, हा आक्षेप येईलच, आणि तो खोटा नाही. जेथे औषधांना पैसे अपुरे पडतात तेथे अग्निरोधक दाराची मागणी चैनीची वाटू शकते. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हे काम बांधतानाच केले तर एकूण खर्चाच्या मानाने अल्प असते. नंतर भिंती फोडून करावयाचे झाल्यास अनेक पटींनी महाग पडते. काटकसर करावयाची तर ती वेळीच काम करण्यात आहे, ते टाळण्यात नाही. दुसरे, जे आवश्यक आहे त्यांपैकी पुष्कळसे जवळजवळ फुकट आहे. दारापुढची वीट उचलण्यास निविदा काढावी लागत नाही. जिन्याखालची रद्दी विकली तर उलट चार पैसे मिळतात. खरी अडचण अशी की, नव्या इमारतीचे उद्घाटन होते, बुजविलेल्या भोकाचे होत नाही. म्हणून अंदाजपत्रकात बांधकामाचे शीर्ष फुगते आणि देखभालीचे सुकते. नगरपंचायतीने आणि जिल्हा परिषदेने इमारतींच्या अग्निसुरक्षेच्या देखभालीसाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे आणि ते इतरत्र वळवू नये, इतके तरी मागणे अवाजवी नाही.

मोठ्या शहराला जे लागते ते लहान गावाला कमी प्रमाणात पुरेल, असे येथे म्हणता येत नाही. मुंबईत बंब काही मिनिटांत येण्याची आशा तरी असते. घनसावंगीत ती मिनिटे भिंतीने, दाराने आणि जिन्याने मिळवून द्यावयाची आहेत. बंब जितका दूर, तितकी भिंत अधिक वेळ टिकली पाहिजे. म्हणजे अंगभूत संरक्षणाची गरज लहान गावाला मोठ्या शहराहून अधिक आहे, आणि आज नेमके तेथेच त्याचे नाव कोणी काढत नाही.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच घनसावंगी तालुक्यात आहे. लग्नमंडपात 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते उठून निघून गेले, ही कथा येथल्या मुलांना पाटीवर अक्षरे गिरवण्याआधीच ठाऊक असते. तोच शब्द आज विजेच्या खोलीच्या दारावर आणि रुग्णालयाच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. समर्थांनी तो एकदाच ऐकला आणि मनावर घेतला. रोज तो वाचणाऱ्यांनी निदान जिन्यातले दार मिटते की नाही, एवढे तरी उठून पाहावे.